हरकत असल्यास कळवावे

सोलापूरचे कोणतेही मराठी दैनिक हाती घ्या. आतल्या पानावर, लहान टायपात, वकिलांच्या जाहीर नोटिसा असतात. मजकूर ठरलेला असतो. अमुक पेठेतील, अमुक सिटी सर्व्हे नंबरची मिळकत आमचे अशील खरेदी घेत आहेत. तिच्यावर कोणाचा वारसा, गहाण, दान, बक्षीस, पोटगी वा वहिवाटीचा हक्क असल्यास पंधरा दिवसांच्या आत कागदोपत्री पुराव्यासह कळवावे. न कळवल्यास तसा हक्क नाही, असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजून व्यवहार पुरा केला जाईल. बहुतेक वाचक पान उलटतात. ज्याचा हक्क जाणार असतो तोही बहुधा उलटतो.

अशा नोटिशीने लगेच कोणाचा हक्क मरत नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. ती खरेदीदाराच्या सावधगिरीची खूण आहे, एवढेच. पण तिच्यातली कल्पना, म्हणजे जो वेळेत बोलला नाही त्याने सोडून दिले असे धरायचे, ही कल्पना या मुलखात दोनशे वर्षे राज्य करीत आली आहे. जमिनीवरचे जुने दावे पुसून नवी, स्वच्छ मालकी उभी करणारे कायदे याच पायावर उभे आहेत. आपल्या दर्गाहांच्या इनामांचे, मशिदींच्या जागांचे आणि घरातल्या बहिणींच्या हिश्शाचे काय झाले, हे समजून घ्यायचे तर या कायद्यांचा इतिहास वाचावा लागतो.

असे कायदे लागतातच, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे. हातमाग विकून दोन खोल्या घेणाऱ्या विणकराला आदिलशाहीपासूनचे कागद कोण दाखवणार? बँकही कर्ज देताना साधारण तीस वर्षांचा सर्च मागते. त्यापलीकडचे कोणी खोदत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने १९४५ साली कायदा करून चाळीस वर्षांमागचे, पुन्हा न नोंदवलेले बहुतेक दावे निकालात काढले. जग असेच चालते. प्रश्न एवढाच असतो की हा झाडू कोणाच्या हातात आहे, आणि ज्याचे झाडले जाणार त्याला खबर होती का.

सनदांचा मुलूख

सोलापूरचा भुईकोट किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीत आणि विजापूरच्या आदिलशाहीत हात बदलत राहिला. नंतर मोगल आले, निजाम आला, पेशवे आले. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने किल्ला घेतला आणि कंपनीचा अंमल बसला. राज्ये बदलली तरी एक रिवाज फारसा बदलला नाही. दर्गाह, मशीद, देऊळ, मठ यांना दिवाबत्तीसाठी, ऊद-फुलासाठी, उरुसाच्या खर्चासाठी जमीन इनाम द्यायची. हिंदू राजांनी दर्गाहांना दिली, मुसलमान सुलतानांनी देवळांना दिली. नवा राजा आला की मुजावर किंवा पुजारी जुनी सनद घेऊन जात आणि ती पुढे चालवण्याचे नवे पत्र आणीत.

या सनदांमध्ये एक गोम होती. इनाम पिराला असे, पण कागद मुजावराच्या नावे होई, कारण जमीन कसून घेणारा आणि दिवा लावणारा माणूस तोच. काझीला काझीपणाबद्दल जमीन मिळे, खतीबाला खुतब्याबद्दल. जमीन माणसाची की सेवेची, हा प्रश्न गावात कोणी विचारीत नव्हते. सेवा चालू आहे तोवर जमीन चालू, हे सगळ्यांना ठाऊक होते. प्रश्न विचारला तो इंग्रजांनी, आणि त्यांना त्याचे उत्तर एका रकान्यात हवे होते.

इनाम कमिशन

१८२७ च्या मुंबई रेग्युलेशनने तत्त्व घालून दिले होते. तीस वर्षे मालक म्हणून अखंड वहिवाट असेल तर ती मालकीचा पुरेसा पुरावा. १८३५ साली आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड या अधिकाऱ्याने नव्या पाहणीला सुरुवात केली. शेताशेताला नंबर पडले, आकार ठरला. आकार ठरवता ठरवता सरकारच्या लक्षात आले की बरीच जमीन सारामाफीची आहे. १८४३ मध्ये हार्ट आणि हाच गोल्डस्मिड यांच्याकडे दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामांची चौकशी सोपवली गेली. पुढे १८५२ चा अकरावा कायदा झाला आणि इनाम कमिशन अस्तित्वात आले.

कमिशनचे नियम आज वाचले तरी त्यांची शिस्त जाणवते. योग्य सत्तेने दिलेली वंशपरंपरेची सनद असेल तर इनाम चालू. सनद नसेल, पण इंग्रजी अंमलापूर्वी साठ वर्षे सारामाफीने उपभोग असेल आणि अंमलाच्या वेळी मूळ इनामदाराचा नातू किंवा त्या नातवाचा पुरुष वंशज कब्जात असेल, तर पुरुष वंश चालेल तोवर चालू. चाळीस वर्षे आणि मुलगा कब्जात असेल तर आणखी एका पिढीपुरते. बाकीचे खालसा. साठ वर्षे म्हणजे १७५८ पासूनचा पुरावा! मधल्या काळात लढाया झाल्या, दुष्काळ पडले, घरे जळाली. सनद लाल फडक्यात बांधून आढ्याला टांगलेली असायची. वाळवीने खाल्ली तर गेली.

अठराशे सत्तावनवरच्या जुन्या ग्रंथांतून एक आकडा वारंवार येतो. बंडापूर्वीच्या पाच वर्षांत कमिशनने सुमारे ३५,००० इनामे तपासली आणि २०,००० च्या आसपास जप्त केली. बंगालमध्ये याआधीच सारामाफीच्या जमिनी परत घेण्याची मोहीम झाली होती. मुसलमानांची शिक्षणव्यवस्था ज्या जमिनींवर जगत होती त्याच त्या जमिनी, अशी कबुली विल्यम हंटरने १८७१ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे.

तरीही धार्मिक संस्थांच्या बाबतीत कमिशनचा नियम उदार होता, हे नोंदवले पाहिजे. मशिदी, देवळे आणि अशा संस्थांच्या कायम निर्वाहासाठी मान्य असलेल्या जमिनी, सनदेत 'कायम' हा शब्द नसला तरी, कायम चालवायच्या. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले होते. त्या दारातून आत जायचे की नाही, हे ठरले रजिस्टर लिहिले गेले त्या दिवशी.

एका रकान्याची गोष्ट

इनामाची जमीन दप्तरात वर्गवार लिहिली जाई. वर्ग दोन म्हणजे जात इनाम, माणसाचे खाजगी. वर्ग तीन म्हणजे देवस्थान इनाम, आणि त्यात पीरस्थान, मशीद, दर्गाह सगळे आले. कारकुनासमोर मुजावर उभा राहिला आणि 'जमीन कोणाची?' या प्रश्नावर त्याने 'आमची, बापजाद्यांपासून' असे म्हटले, तर नोंद एका रकान्यात गेली. 'पिराची, आम्ही खिदमतगार' म्हटले, तर दुसऱ्या. काहींनी अजाणता म्हटले, काहींनी जाणूनबुजून. कारण लगेच पुढे लोभाची वेळ येणार होती.

१८६३ च्या दुसऱ्या कायद्याने सरकारने इनामदारांपुढे तडजोड ठेवली. चौकशीची कटकट नको असेल तर आकाराच्या चौथाईइतका सारा आणि वर नजराणा भरायला तयार व्हा; जमीन तुमची खाजगी, वारसाने जाणारी, विकता येणारी मिळकत होईल. जुने सारे प्रश्न एका फटक्यात साफ! मात्र याच कायद्याच्या आठव्या कलमात म्हटले होते की धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या जमिनीला नजराणा नाही आणि तिला विक्री, बक्षीस, मृत्युपत्र, कशानेही हस्तांतर नाही. एकाच गावात, एकाच पिराच्या दोन जमिनी. एक जात इनाम लिहिली गेली म्हणून बाजारात आली, दुसरी देवस्थान लिहिली गेली म्हणून राहिली, असे घडू शकत होते.

त्या रकान्याची खरी किंमत कळायला नव्वद वर्षे लागली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इनामे आणि वतने नष्ट करण्याचे एकामागून एक कायदे केले. त्यातला जात इनामे नष्ट करण्याचा १९५२ चा कायदा १ ऑगस्ट १९५३ पासून अमलात आला. देवस्थान आणि धार्मिक-धर्मादाय संस्थांची इनामे त्याने वगळली. पण कोणती इनामे देवस्थानची? कायद्याचे उत्तर असे, की जी इनाम रजिस्टरात तशी नोंदलेली आहेत ती. दर्ग्यावर अजून दिवा लागतो का, उरूस भरतो का, हे विचारले गेले नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कारकुनाची ओळ १९५३ मध्ये निकाल ठरली. जात इनाम म्हणून नोंदलेली जमीन मुजावराच्या वारसाची किंवा कसणाऱ्याची झाली आणि पिराचा दावा पुसला गेला.

पुढचे रजिस्टर चार वर्षांनी आले. कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कूळ जमिनीचे मालक मानले जाणार होते. सार्वजनिक उपासनेच्या संस्थांना कलम ८८-ब खाली सूट होती. पण संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली हवी, सगळे उत्पन्न संस्थेवर खर्च होत असले पाहिजे आणि कलेक्टरचे प्रमाणपत्र हवे. ज्या पंचांनी धावपळ करून नोंदणी केली त्यांची जमीन संस्थेकडे राहिली, कुळाचा खंड मात्र आकाराच्या पाचपट किंवा एकरी वीस रुपये यांतल्या कमी रकमेपलीकडे जाऊ शकला नाही. ज्यांनी 'पिराच्या जमिनीला कोण हात लावतो' म्हणत स्वस्थ बसणे पसंत केले, त्यांची जमीन कुळाकडे गेली. त्या कुळांत आपलेही गरीब शेतकरी होते. म्हणून या कायद्याला सरसकट दोष देणे योग्य होणार नाही. जो कसत होता त्याला जमीन मिळाली, हा न्यायच होता. दिव्याचे तेल मात्र बंद झाले.

सीमेच्या दोन बाजू

सोलापूरहून तासाभराच्या अंतरावर तुळजापूर. तो निजामाचा मुलूख. तिथे अशा जमिनींना खिदमतमाश म्हणत, चौकशी अतियात खात्यात होई आणि निकालाच्या कागदाला मुंतखब म्हणत. तिथल्या दर्गाहांसाठी १९५४ चा वक्फ कायदा लागू झाला, औरंगाबादला बोर्ड बसले, पाहणी झाली, गॅझेटात याद्या आल्या. सोलापूर मुंबई राज्यात असल्याने इथल्या मशिदी व दर्गाह धर्मादाय आयुक्तांकडे नोंदल्या गेल्या. सीमेच्या अलीकडचा पीर 'सार्वजनिक विश्वस्त न्यास' आणि पलीकडचा पीर 'वक्फ', असे दोन कायदे पन्नास वर्षे शेजारी नांदले.

१९९५ च्या वक्फ कायद्यानंतर ही भिंत पाडायची ठरली. ४ जानेवारी २००२ रोजी संपूर्ण महाराष्ट्रासाठी वक्फ मंडळ स्थापन झाले, २००३ मध्ये याद्या प्रसिद्ध झाल्या आणि मग वाद सुरू झाला. नोंदलेला प्रत्येक मुस्लिम न्यास वक्फ आहे काय? प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. २० ऑक्टोबर २०२२ रोजी निकाल आला की प्रत्येक मुस्लिम सार्वजनिक न्यास आपोआप वक्फ ठरत नाही. म्हणजे पुन्हा प्रत्येक संस्थेला आपापल्या मूळ कागदाकडेच जावे लागणार. तो कागद कुठे आहे, हे किती विश्वस्तांना सांगता येईल?

घड्याळ

रजिस्टरासोबत दुसरे हत्यार म्हणजे घड्याळ. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने स्थावर मिळकतीच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत घातली. तीस वर्षांवरून बारा. १९६३ च्या कायद्यातही बाराच आहे. आणि त्याच्या २७ व्या कलमाने सांगितले आहे की मुदत संपली की दावा लावण्याची संधी जाते आणि हक्कही नष्ट होतो.

इथे आपल्या फिकहशी असलेला फरक पाहण्यासारखा आहे. तुर्की उस्मानी सरकारने १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहावर आधारलेली 'मजल्ला' ही संहिता तयार केली. तिच्यातही मुदत आहे. सर्वसाधारण दाव्याला पंधरा वर्षे, वक्फच्या मूळ मिळकतीला छत्तीस. पण १६७४ व्या कलमात म्हटले आहे की काळ लोटल्याने हक्क नष्ट होत नाही. काझी दावा ऐकणार नाही, एवढेच. कब्जेदाराने स्वतः कबूल केले की माल दुसऱ्याचा आहे, तर मुदतीचा आडोसा संपला. दरबाराचे दार बंद झाले तरी देणे शिल्लक राहते, ही ती भूमिका. आपल्या कायद्यात देणेच संपते.

वक्फला या घड्याळातून सूट आहे काय, हा झगडा जुना. लाहोरच्या शहीदगंज मशिदीच्या प्रकरणात १९४० साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की मशिदीच्या जागेलाही मुदतीचा कायदा लागू होतो. फाळणीच्या धामधुमीत गेलेल्या सार्वजनिक वक्फ मिळकतींसाठी १९५९ मध्ये संसदेने खास कायद्याने मुदत वाढवून दिली. १९९५ च्या वक्फ कायद्याच्या कलम १०७ ने वक्फ मिळकतीचा कब्जा मागणाऱ्या दाव्यांना मुदतच नाही असे ठरवले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सय्यद अली प्रकरणात सांगितले की एकदा वक्फ झालेली मिळकत कायम वक्फच राहते. इनाम नष्ट करण्याच्या कायद्याखाली एखाद्याच्या नावे पट्टा निघाला म्हणून वक्फ संपत नाही. तीस वर्षे घड्याळ थांबले होते.

२०२५ च्या दुरुस्तीने कलम १०७ काढून टाकले. ८ एप्रिल २०२५ पासून दुरुस्ती अमलात आली. वहिवाटीने झालेला वक्फ ही कल्पनाही पुढच्या काळासाठी गेली. आधी नोंदलेले असे वक्फ राहतील, पण वादातले किंवा सरकारी मालकीचे ठरणारे नाहीत. नोंदलेल्या वक्फांचा तपशील केंद्राच्या पोर्टलवर भरण्यासाठी सहा महिने मिळाले. १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रोखल्या, पण कलम १०७ रद्द करण्यात प्रथमदर्शनी गैर मानले नाही. १८५२ साली साठ वर्षांचा पुरावा मागितला गेला, २०२५ साली पोर्टलवर कागद मागितला गेला. मागणारे हात निराळे, प्रश्न तोच.

मात्र एक गोष्ट आपण विसरतो. मुदतीच्या कायद्याचे दहावे कलम विश्वस्ताला आणि त्याच्या वारसांना मुदतीचा आसरा देत नाही, आणि मुतवल्ली त्यात विश्वस्तच धरला जातो. तीन पिढ्या घरात दर्ग्याची जमीन खाल्ली म्हणून ती घरची होत नाही. मोबदला देऊन विकत घेणाऱ्याला मुदतीचा बचाव मिळू शकतो, विकणाऱ्याच्या मुलांना नाही. सरकारने नेले, कुळाने नेले, शेजाऱ्याने नेले, हे आपण मोठ्याने सांगतो. आपल्याच पंचांनी आणि मुजावरांनी किती नेले, याचा हिशेब आपण हळू आवाजातही मांडत नाही.

बहिणीची हरकत

आणि आता घरात येऊ. कमिशनच्या नियमात 'पुरुष वंश' होता. १८८६ च्या पाचव्या कायद्याने वतनाच्या वारसात, शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून, घरातल्या सर्व स्त्रियांना पुरुषांच्या मागे ढकलले. १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली. कुरआनने मुलीला ठरवून दिलेला हिस्सा अशा रीतीने कागदोपत्री अडवला गेला, हे खरे. पण आज तलाठ्याकडे वारसाची नोंद करताना बहिणीचे नाव गाळणारा इंग्रज नसतो. हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेणारा भाऊच असतो. 'तिने कधी मागितले नाही,' असे तो सांगतो. जाहीर नोटिशीची भाषा हीच, नाही का?

कायदा इथे बहिणीच्या बाजूने आहे, हे तिला कोणी सांगत नाही. सहहिस्सेदारांपैकी एकाचा कब्जा सर्वांचा कब्जा मानला जातो. ती बारा वर्षे गप्प राहिली म्हणून तिचा हिस्सा जात नाही. भावाने तिचा हक्क उघडपणे नाकारला आणि त्यानंतर बारा वर्षे लोटली, हे भावाने सिद्ध करावे लागते. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी मानतात. बाप हयात असताना लिहून घेतलेला वारसात्याग मुस्लिम कायद्यात मुळात ग्राह्य नाही. मोबदला घेतला असेल तर मात्र तिला अडवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली म्हटले. फिकहच्या दृष्टीने तर तिचे देणे कधीच संपत नाही. दर्ग्याच्या जमिनीसाठी आपण 'एकदा वक्फ ते कायम वक्फ' म्हणतो. मग बहिणीच्या हिश्शालाच बारा वर्षांचे घड्याळ कसे लावतो?

जुने हक्क पुसणारे कायदे कागद मागतात आणि वेळेवर बोललेला शब्द मागतात. या दोन्ही गोष्टी अजून आपल्या हातात आहेत. इनाम कमिशनने ज्या दप्तरांच्या आधारे चौकशी केली ती पेशवे दप्तरे पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. गावच्या इनामाचा उतारा आणि जुने फेरफार मागणे हे तर अर्ज लिहून करण्याचे काम आहे. प्रत्येक मशिदीच्या आणि दर्ग्याच्या पंचांनी ते मागवावेत, त्यांच्या नकला एकाहून जास्त घरांत ठेवाव्यात आणि सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून संस्थेचे नाव आहे की वहिवाटदाराचे, हे बघावे. वर्तमानपत्रातली नोटीस वाचावी, हरकत असेल तर लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. आणि घरात वारसाची नोंद व्हायची असेल तेव्हा, वकिलाच्या नोटिशीची वाट न पाहता, बहिणीला आधी विचारावे. तिची हरकत ऐकून घ्यायला पंधरा दिवसांची मुदत घालण्याचे कारण नाही.